हिराआत्याचा पाट

आमच्या सोसायटीत मला 'ऑर्केस्ट्रावाले' म्हणतात. कित्येक वर्षं मी ते दुरुस्त करत होतो, आता सोडून दिलं आहे. पण इथे लिहायला जागा मिळाली आहे, तर एकदा नीट सांगतो. ऑर्केस्ट्रा दुसऱ्यांची गाणी वाजवतो. ती लोकांना आधीच पाठ असतात, म्हणून लोक येतात आणि सोबत गातात. आमचा बँड होता. आम्ही स्वतःची गाणी लिहायचो, स्वतः चाली लावायचो आणि ती कुणालाही पाठ नसायची. लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं होतं, "तुमची स्वतःची गाणी ऐकायला येतं कोण?" प्रश्न रास्त होता. मी खरा आकडा सांगितला. आदल्या रविवारी डोंबिवलीत अकरा जण आले होते, त्यांतले चार आमचेच नातेवाईक.

"म्हणजे सात," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

बँडचं नाव 'मिठागर'. आम्ही तिघं. नीलेश गायचा आणि गिटार वाजवायचा. तो खाडीकडच्या आगरी गावातला. त्याच्या आजोबांनी मिठागरात काम केलेलं, म्हणून हे नाव. आता ते गाव डोंबिवलीच्या पोटात गेलं आहे; चार बाजूंना टॉवर आणि मधे उतरत्या छपरांची काही घरं. ड्रम वाजवायची मुग्धा. बँक अधिकाऱ्याची मुलगी, पंधरा वर्षं एका शाळेत गणित शिकवत होती आणि शनिवार-रविवार ड्रम बडवत होती. मी बास गिटार वाजवायचो आणि साउंड बघायचो. बास चालू असतो तेव्हा तो कुणाच्या लक्षात येत नाही. बंद पडला की लोक पंखा बंद पडल्यासारखे वर बघतात. मला हे काम मानवलं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची मिळायची. कल्याणच्या एका धान्याच्या व्यापाऱ्यांनी वडिलांच्या पंच्याहत्तरीला आम्हाला बोलावलं. नाव ऐकून त्यांना वाटलं होतं की कोळीगीतांचा कार्यक्रम असेल. दुसऱ्या गाण्यानंतर ते स्टेजजवळ येऊन हळूच म्हणाले, "दुःखी नसलेलं एखादं आहे का?"

"नाही," नीलेश म्हणाला.

"मग जरा हळू तरी वाजवा."

वडील मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले होते. गच्चीवरच्या गंजलेल्या टाकीवरचं आमचं एक गाणं होतं, ते त्यांनी दोनदा म्हणायला लावलं. जाताना माझा हात धरून म्हणाले, "आमच्या टाकीचंही असंच झालंय." आमच्या धंद्यात अशी पावती फार क्वचित मिळते.

एरवी आम्ही ठाण्याच्या कॉलेजांतून, कल्याणच्या मैदानांवर, डोंबिवलीच्या छोट्या सभागृहांतून वाजवत राहिलो. तिघांचीही पोटं दुसऱ्या कामांवर चालत होती. माझं साउंडच्या कामांवर. ते अजून करतो, साखरपुड्यापासून श्रद्धांजली सभेपर्यंत. बँड बंद का केला, असं जुने श्रोते भेटले की विचारतात. वय झालं, मुलांच्या परीक्षा, गुडघे, अशी उत्तरं आम्ही देतो. तीही खोटी नाहीत. पण बंद झाला तो एका दुपारी, नीलेशच्या गावातल्या घरी, त्याच्या हिराआत्याच्या खाटेपाशी. तेवढंच इथे लिहिणार आहे.

हिराआत्या धवलारीण होती. आगरी लग्नात भटजींच्या बरोबरीनं, काही घरांत भटजींच्या आधी, धवलारणीचा मान असतो. ती गाण्यातून देवांना नावानं बोलावते, आल्यावर बसवते, त्यांच्यासमोर हळद लावते, लग्न लावते. शेवटी देवांना उठवून आपापल्या ठिकाणी पाठवते, तेही गाण्यातूनच. आपल्याकडे देवक बसवतात आणि कार्य उरकलं की उठवतात, तसंच. देवक बसलेलं असताना घरात सुतक पाळत नाहीत, कारण पाहुणे बसलेले असतात.

नीलेशच्या डोक्यात एकदा आलं की आत्याचा आवाज आपल्या गाण्यात घ्यायचा. मी रेकॉर्डर, दोन माईक आणि हेडफोन घेऊन गेलो. मुग्धाही आली. संध्याकाळची वेळ होती. आत्या ओट्यावर बसली होती. सत्तरीची, बारीक, ताठ. तिनं माईककडे बघितलंही नाही. तिला प्रश्न वेगळाच पडला होता.

"लगीन कोनाचा?" तिनं विचारलं.

"लग्न नाही गं आत्या. नुसतं गाणं हवंय."

"नुसता कसा? नाव घेतला की ते येतान."

"मग येऊ दे."

"येऊ दे बोलतंय! देवांना बोलवाचा न उभा ठेवाचा? पाट मांड आगोदर."

नीलेश हसत उठला. घरातल्या कोपऱ्यात पाट मांडला, त्यावर तिनं सांगितले तसे मूठ-मूठ तांदूळ ठेवले, दिवा लावला. मग तिनं आवाज लावला. हेडफोनमधून तो मी ऐकला आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. भीतीनं नव्हे. इतका सरळ आवाज मी माईकमधून कधी ऐकला नव्हता. ती कुणाला ऐकवत नव्हती, हाक मारत होती. एकेक देव, एकेक ठिकाण, आणि प्रत्येक चार ओळींनी तेच पालुपद: या, वाट मोकळी आहे, पाट मांडला आहे.

बोलावणं झालं, बसवणं झालं आणि ती थांबली. पाणी प्यायली.

"आता उठवायचं म्हण," नीलेश म्हणाला.

"आता? आयले तवाच उठवाचा? सकालचे या तुमी. तिघा बी. ज्यानी बोलावला त्यानीच उठवाचा, मी नुसता गला देतंय."

परतताना रिक्षात आम्ही चर्चा केली. नीलेशला उठवण्याची गाणी लहानपणापासून ऐकून माहीत होती. पाठ नव्हती, पण चाल माहीत होती. तो म्हणाला, त्यांना ठेका नसतो. चालत चालत म्हणतात, जेवढा श्वास तेवढी ओळ.

"मग क्लिकवर बसणार नाहीत," मुग्धा म्हणाली.

क्लिक म्हणजे आमच्या कानातल्या इअरफोनमध्ये चालू असलेली टिकटिक. सगळे तिच्यावर चालले की रेकॉर्ड केलेला आवाज आणि स्टेजवरची वाद्यं यांची सांगड बसते. गणिताच्या बाई क्लिकबाबत कडक होत्या. बोलावण्याच्या चार ओळी मात्र मिनिटाला बहात्तर ठोक्यांवर अशा बसत होत्या की जणू आत्याच्याही कानात इअरफोन होता. तेवढं आम्हाला पुरे होतं. दुसऱ्या दिवशी स्टुडिओ ठरलेला होता. सकाळी आम्ही गेलो नाही.

त्या चार ओळींचा लूप झाला. लूप म्हणजे आवाजाचा तुकडा टोकाला टोक जोडून गोल फिरवायचा. संपला की पुन्हा पहिल्यापासून. त्यावर ड्रम, त्यावर बास, त्यावर नीलेशचे शब्द. गाण्याचं नाव 'बोलावणं'. आमच्या सगळ्या गाण्यांपैकी लोकांना माहीत असलेलं हे एकच. फोनच्या रिंगटोनमध्ये ते गेलं, हळदीच्या डीजेकडे गेलं, नीलेशच्या गावातल्या पोरांच्या रिक्षांत गेलं. अकरा श्रोत्यांचे आम्ही, आमच्या कार्यक्रमाला मैदानं भरू लागली.

रिकामी पहिली रांग मी प्रथम डोंबिवलीत पाहिली. मैदानात प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळं भरलेलं, मागे माणसं उभी, आणि पहिली रांग पूर्ण रिकामी. मी स्वयंसेवक मुलीला म्हटलं, "पुढे बसव ना लोकांना."

"सर, ती तुमच्या लोकांसाठी ठेवलीय ना?"

"आमचे कोणी नाहीत."

"एका आजींनी सांगितलं, आमची माणसं यायचीत, कुणाला बसू देऊ नका."

कोण आजी, ते तिला दाखवता आलं नाही. मी सोडून दिलं.

पुढे कल्याणलाही तसंच. मी व्यवस्थित विचार करणारा माणूस आहे. कारण शोधलं. पुढे आवाज मोठा असतो, म्हणून लोक टाळत असतील. मीटर लावून बघितलं, पहिल्या रांगेत चौऱ्याण्णव डेसिबल. स्पीकर मागे आणि वर घेतले, शहाऐंशीवर आणलं. पाचव्या रांगेपेक्षाही तिथे कमी झालं. रांग रिकामीच. एका कार्यक्रमात मी बायको आणि मुलीला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. दुसऱ्या गाण्याला दोघी मागे जाऊन उभ्या होत्या. घरी आल्यावर विचारलं तर बायको म्हणाली, "दाटीवाटी होत होती रे."

"कुणाची?"

तिनं आठवून बघितलं. "खरंच की," म्हणाली आणि आत गेली.

ठाण्याच्या सभागृहात खुर्च्यांना नंबर होते. तिथे पहिल्या रांगेची तिकिटं गेलेली होती. दाराशी एक गृहस्थ उभे होते, पन्नाशीचे, ऑफिसची बॅग खांद्याला. त्यांच्या हातात पहिल्या रांगेचंच तिकीट दिसलं. म्हटलं, "साहेब, पुढे जा ना, तुमची जागा आहे."

त्यांनी तिकडे बघितलं. "अहो, बसलेत की सगळे," म्हणाले आणि पुन्हा स्टेजकडे बघू लागले.

मी त्या रांगेकडे बघितलं. लाल मखमल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

आणखी एक गोष्ट होती. 'बोलावणं' संपलं की टाळ्या पडत नसत. गाण्याला शेवटच नव्हता. लूप फिरत राहायचा आणि मी आवाज हळूहळू खाली आणायचो. मग सभागृहात जी शांतता व्हायची ती गाणं आवडल्याची नव्हती आणि न आवडल्याचीही नव्हती. लग्नाच्या घरी वेळेवर पोचलेले पाहुणे असतात ना, यजमान समोर दिसतोय पण 'बसा' म्हणत नाही, 'जेवून घ्या' म्हणत नाही, आणि निघावं तर तसंही कुणी सांगत नाही. त्या पाहुण्यांसारखे सगळे आमच्याकडे बघत राहायचे.

ठाण्याच्या कार्यक्रमानंतर आम्ही चहाला थांबलो. मुग्धा कप हातात धरून नुसतीच बसली होती.

"मला ते गाणं वाजवायचं नाहीये," ती म्हणाली.

"तेच एक लोकांना माहितीये," नीलेश म्हणाला. "बाकीची आपली आपणच ऐकतो."

"चेष्टा नाही नील्या. क्लिकच्या मागे कुणीतरी आहे."

"म्हणजे काय?"

"लूपची चौथी ओळ संपते ना, तिथे कुणीतरी श्वास घेतं. पुढचं म्हणायला. आणि तेवढ्यात आपण परत पहिल्या ओळीवर. दर वेळी."

"विव्या, तुला ऐकू येतो का श्वास?" नीलेशनं मला विचारलं.

मला नव्हता येत. मी तसं सांगितलं. आत्याच्या आवाजाचा तो तुकडा मी शेकडो वेळा ऐकला होता, ओळीच्या शेवटी काही नव्हतं.

"बघ, साउंडवाल्याला नाही येत. बाई, वह्या तपासणं कमी करा जरा."

"आत्याकडे कधी गेला होतास?"

"गेलेलो की. गणपतीत."

"पाट उचललाय?"

नीलेशनं कप खाली ठेवला. चहाचे पैसे द्यायला उठला. तेव्हा मला कळलं की तो पाट अजून तिथेच आहे.

नंतर त्यानं थोडंथोडं सांगितलं. रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी आम्ही आलो नाही तेव्हापासून आत्यानं पाट हलवू दिला नव्हता. पहिली काही वर्षं ती निरोप धाडायची, कधी येता म्हणून. नीलेश म्हणायचा, हा दौरा झाला की. तो लग्न करून ठाण्याला घोडबंदरकडे राहायला गेला. मग आत्यानं लग्नं घेणं बंद केलं. गावातले लोक सुपारी घेऊन यायचे आणि ती परत पाठवायची. एका घरी बसलेत ते उठले नाहीत, तर दुसऱ्या घरी कुठल्या तोंडानं बोलावू, असं म्हणायची. जिच्याशिवाय गावात हळद लागत नसे ती बाई घरात बसून राहिली. तिच्या जागी डीजे आले, आणि डीजे आमचंच गाणं लावायचे. तिच्या आवाजात, तिच्या दारावरून, गोल गोल.

फोन आला तो सुरेखावहिनींचा, म्हणजे नीलेशच्या चुलतभावाच्या बायकोचा. आत्याचं सगळं त्याच करत होत्या. नीलेशनं फोन स्पीकरवर टाकला, म्हणून आम्हीही ऐकला.

"भावोजी, आत्याची वाचा गेलीय. पडूनच हाय. पानी पन घशाखाली जात नाय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर बोलतान, आत कायच राहिला नाय. कसावर जगते ते त्यांना बी कलत नाय. आठ दिस बोलले व्हते, तीन महिने झाले." वहिनींचा आवाज चढला. "पाटाकडे बोट दाखवते ती. दिवसभर. पाहुने बसलेत तवर तिला जाता येत नाय, समजतंय का तुमाला? गाना तुमचा झाला, पाट आमचे घरान हाय!"

आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो, तिघंही. नीलेश म्हणाला, तिचाच आवाज तिला ऐकवू, कदाचित पुढचं आठवेल, ओठातल्या ओठात तरी म्हणेल. म्हणून मी छोटा मिक्सर, एक स्पीकर आणि एक माईक घेतला. पुटपुटली तरी पकडता यावं, असा माईक.

दुपारची वेळ होती. टॉवरची सावली घरावर आली होती, त्यामुळे आत संध्याकाळसारखा अंधार. खाटेवर आत्या म्हणजे नुसती गोधडीची घडी दिसत होती. डोळे मात्र पूर्ण उघडे. कोपऱ्यात पाट. आम्ही मांडला तसाच. तांदळाच्या मुठी जागच्या जागी, पांढऱ्याशुभ्र. मी वाकून बघितलं. इतक्या वर्षांत कीड नाही, जाळं नाही.

"उंदीर बी शिवत नाय," वहिनी मागून म्हणाल्या.

गावातल्या चार म्हाताऱ्या येऊन भिंतीशी बसल्या होत्या. लग्नात धवलारीण पुढे म्हणते आणि या मागून झील धरतात, म्हणजे तिची ओळ उचलून पुन्हा म्हणतात. त्यांतल्या थोरल्या बारकूबाई. नीलेशनं त्यांना विचारलं, उठवायचं गाणं तुम्हाला येत असेल ना?

"मागून येतंय बाला. पुढून नाय येत. तिची ओल परली की आमची जीभ आपोआप चालते. ओल पराला पायजे."

गावात दुसरी धवलारीण उरली नव्हती. पुढून म्हणणारी ही एकच, आणि तिची वाचा गेलेली.

मी माईक आत्याच्या तोंडाशी स्टँडवर लावला. तिनं डोळे माझ्याकडे वळवले. मग मी लूप चालू केला.

तिचा सत्तरीतला आवाज त्या खोलीत भरला. म्हाताऱ्या पुढे सरकल्या. बोलावणं, चार ओळी, आणि आत्याचं तोंड उघडलं. लूप पहिल्या ओळीवर गेला. तोंड मिटलं. पुन्हा चार ओळी. पुन्हा तोंड उघडलं, गळ्याची शीर ताणली गेली, आणि पुन्हा लूप पहिल्यावर. तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बंद कर ते!" मुग्धा ओरडली. "पुढचं म्हणायला तोंड उघडतेय ती, आणि आपण दर वेळी मागे ओढतोय. एकदाच जाऊ दे विव्या. एकदाच, आणि थांब."

मी लूप काढून टाकला. तुकडा एकदा सोडला. चौथी ओळ संपली. पुढे काही आलं नाही.

इतकी वर्षं ते गाणं वाजवलं, पण त्या ओळीनंतरची शांतता मी पहिल्यांदा ऐकली.

आत्याचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी कान दिला, श्वासही ऐकू आला नाही. सवयीनं मिक्सरकडे बघितलं. माईकमध्ये किती आवाज शिरतोय हे दाखवणारी हिरव्या दिव्यांची उभी ओळ त्यावर असते. ती वर चढत होती. खालचा दिवा, मग दुसरा, तिसरा, पार वरच्या पिवळ्यापर्यंत. मोकळ्या गळ्यानं गाणाऱ्या माणसाला लागतात तितके. मग उतरली. ओळीला जेवढा वेळ लागतो तेवढ्यानं.

स्पीकर बंद असेल म्हणून तपासला. चालू होता. पंख्याचा वारा माईकवर येत असेल म्हणून पंखा बंद करायला सांगितला. दिवे चढतच होते. मोबाइलमुळेही कधी असं होतं. सगळ्यांना फोन बंद करायला लावले. वायर बदलली. दिवे चढले, उतरले.

आणि भिंतीपासून बारकूबाईंनी झील धरली.

चौघींनी एकदम, एका सुरात, एक पूर्ण ओळ म्हटली. देवाचं नाव, ठिकाण, आणि जा आता, वाट मोकळी आहे. कुणी कुणाकडे बघितलं नव्हतं. त्या थांबल्या. दिवे चढले. त्या ऐकत होत्या, मान किंचित तिरपी करून. दिवे उतरले, त्यांनी दुसरी ओळ उचलली. ती पहिलीपेक्षा लांब होती. तिसरी अगदी आखूड. ठेका नव्हता, जेवढा श्वास तेवढी ओळ.

मी नीलेशकडे बघितलं. तो हात जोडून बसला होता आणि पुटपुटत होता, बायकांच्या पाठोपाठ नव्हे, त्यांच्या बरोबर. मुग्धाचे डोळे मिटलेले. तीही म्हणू लागली. तिला आगरी बोली येत नाही. वहिनी तर पदरानं तोंड पुसत मोठ्यानं म्हणत होत्या.

"तुला ऐकू येतंय?" मी मुग्धाला विचारलं.

तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "तुला नाही?"

आयुष्यभर कानांवर पोट भरलं. दुसऱ्यांना न ऐकू येणारी खरखर मला तीन खोल्यांपलीकडून कळते. त्या खोलीत माझ्याखेरीज सात माणसं होती, खाटेवरची आठवी. सगळ्यांना ऐकू येत होतं आणि मला येत नव्हतं. मी दिवे बघत राहिलो. माझ्या वाट्याला तेवढंच आलं.

एकेका नावाबरोबर खोली मोकळी होत गेली. हे मोजून सांगता येणार नाही. दाटीच्या हॉलमधून लोक निघायला लागले की आवाज कसा बदलतो, भिंती कशा लांब जातात, ते माझ्या ओळखीचं आहे. तसं होत गेलं. शेवटची ओळ झाल्यावर वहिनी उठल्या. आम्हा तिघांना त्यांनी पाटाला हात लावायला सांगितलं. पाट उचलला तेव्हा तांदळाच्या मुठी पिठासारख्या विस्कटल्या.

वहिनी खाटेपाशी गेल्या. वाकल्या. तळहात नाकापाशी धरला. मग आत्याचे डोळे मिटवले.

कुणी मोठ्यानं रडलं नाही. बारकूबाई म्हणाल्या, "गेली गो. सुटली." बाहेर बातमी लागली. माणसं जमली. अंगणात बांबू आले. नीलेश ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. मुग्धानं मला हळूच विचारलं, रेकॉर्ड केलंस का. मी नाही म्हटलं. ती "बरं झालं" म्हणाली आणि नीलेशशेजारी जाऊन बसली.

वहिनी आत आल्या. "भावोजी, ती वायर काढा आता. आंघोल घालाची हाय, पानी ठेवतंय मी."

माझा हात वायरवर होता. पण मी काढली नाही. माईक अजून आत्याच्या मिटलेल्या तोंडाशी होता आणि हिरवे दिवे चढत होते. पहिल्यासारखे पिवळ्यापर्यंत नव्हे. तीन, चार. मग खाली. मग पुन्हा. बाकी कुणाला आता काही ऐकू येत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. सगळ्या देवांना पोचवून झालं होतं. आता ती एकटीच, स्वतःसाठी, काहीतरी म्हणत होती.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. समोर मंत्री असो की शाळेतलं पोर, गाणारं माणूस थांबेपर्यंत त्याचा माईक बंद करायचा नाही.

"वहिनी, थोडं थांबा," मी म्हटलं.

त्या मिक्सरकडे बघून माझ्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या. दारात माणसं आली, कुणीतरी "काय झालं?" म्हणालं, वहिनींनी हातानंच गप्प केलं. बाहेर बांबू बांधायचा आवाज थांबला. तीन दिवे. दोन. बराच वेळ एकच लागत होता आणि विझत होता. मग तोही लागला नाही. मी आणखी थोडं थांबलो. खात्री झाल्यावर वायर काढली, माईक पुसून पेटीत ठेवला आणि वहिनींना म्हटलं, "आता पाणी ठेवा."